स्वतः कंपाइल केलेला कर्नल बूट होत नाही तेव्हा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगडमधले अभियांत्रिकीचे विद्यार्थी, शाळांतले संगणक कक्ष सांभाळणारे शिक्षक आणि घरच्या जुन्या मशीनवर लिनक्स वापरणारी मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे आहेत. कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा; तो सोर्स कोडपासून स्वतः बांधणं म्हणजे कंपाइल करणं. ६४-बिटचं इंटेल किंवा एएमडी मशीन, त्यावर डेबियन किंवा उबुंटू आणि ग्रब हा बूटलोडर (कर्नल मेमरीत चढवणारा प्रोग्राम), असं धरून चाललो आहोत. रास्पबेरी पायचा प्रश्न शेवटाकडे आहे. कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत; टर्मिनलवर त्या नेहमीसारख्या रोमन लिपीतच टाइप करायच्या.

नवा कर्नल टाकला आणि मशीन चालूच होत नाही. माझ्या फायली गेल्या का?

नाही. कर्नल इन्स्टॉल करताना ‘/बूट’मध्ये तीन-चार फायली आणि ‘/लिब/मॉड्यूल्स’मध्ये एक नवा फोल्डर तयार होतो. होम फोल्डरला त्यात कुठेच हात लागत नाही. जुना कर्नलही जागेवर असतो, फक्त ग्रबने नव्याला पहिला नंबर दिलेला असतो.

मशीन बंद करून चालू करा. यूईएफआयवाल्या (बायोसच्या जागी आलेलं नवं फर्मवेअर असलेल्या) मशीनवर कंपनीचा लोगो जाताच एस्केप दाबा, जुन्या बायोसवाल्यावर शिफ्ट धरून ठेवा. ग्रबचा मेनू आला की ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जाऊन जुन्या आवृत्तीची ओळ निवडा. एस्केप जास्त वेळा दाबला गेला तर नुसता ‘ग्रब’ असा प्रॉम्प्ट येतो. तिथे ‘नॉर्मल’ टाइप करून एंटर मारा आणि लगेच एकदा एस्केप दाबा.

बाजारात मशीन दाखवलंत तर बहुतेक ठिकाणी ‘फॉरमॅट मारू’ हेच ऐकायला मिळेल. या पानावरच्या एकाही अडचणीला फॉरमॅटची गरज नाही, आणि हे आम्ही पूर्ण जबाबदारीने सांगतो.

स्क्रीनवर ओळी भराभर पळतात आणि मशीन थांबतं. नेमकी कुठली ओळ वाचायची?

पहिली चुकीची. लोक शेवटच्या ओळींचा फोटो पाठवतात. पण पॅनिकच्या (सावरता न येणारी चूक येऊन कर्नल थांबतो त्याच्या) शेवटी जे दिसतं तो बहुधा कॉल ट्रेस असतो, म्हणजे कर्नल पडताना आत कुठे होता त्याची यादी. का पडला, ते त्याच्या वर लिहिलेलं असतं.

ते दिसावं म्हणून ग्रबच्या मेनूत नव्या कर्नलच्या ओळीवर ‘ई’ दाबा. ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीतून ‘क्वायट’ आणि ‘स्प्लॅश’ हे दोन शब्द काढा, शेवटी ‘इग्नोर_लॉगलेव्हल’ जोडा आणि एफ१० किंवा कंट्रोल-एक्सने बूट करा. हा बदल त्या एका बूटपुरताच असतो, त्यामुळे बिनधास्त करा. ओळी तरीही हाताला लागत नसतील तर मोबाइलवर स्लो-मोशन व्हिडिओ घ्या आणि एकेक फ्रेम पुढे सरकवत वाचा. या एका उपायाने किती मशीन मार्गी लागली आहेत!

यूईएफआय मशीनवर पॅनिकचा मजकूर कधी कधी फर्मवेअरच्या मेमरीत जपून ठेवला जातो. जुन्या कर्नलमध्ये बूट झाल्यावर ‘/सिस/एफएस/पीस्टोअर’ आणि ‘/व्हार/लिब/सिस्टमडी/पीस्टोअर’ हे दोन फोल्डर एकदा उघडून बघा. आणि स्क्रीन काळी असताना कीबोर्डवरचा कॅप्स लॉकचा दिवा आपोआप लुकलुकत असेल, तर ते पॅनिकच आहे असं समजा.

‘व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०)’ असं येतं. याचा अर्थ काय?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कर्नल मेमरीत चढला, स्वतःची जुळवाजुळव त्याने केली, आणि आता त्याला रूट पार्टिशन, म्हणजे सगळी सिस्टम असलेला डिस्कचा भाग, हवं आहे. पण ते त्याला सापडत नाही. कारण डिस्क वाचणारा ड्रायव्हर तुम्ही मॉड्यूल (गरजेनुसार चढवायचा कर्नलचा सुटा तुकडा) म्हणून कंपाइल केला आहे आणि ते मॉड्यूल त्याच डिस्कवर ठेवलेलं आहे. दाभोळच्या खाडीत होडी पलीकडे धोपाव्याच्या काठाला बांधलेली असावी आणि ती आणायला इकडून होडीच लागावी, तशी ही गत आहे. इनिटरॅमएफएस म्हणजे अलीकडच्या काठाला मुद्दाम ठेवलेलं छोटं होडकं. त्यात डिस्कचे आणि फाइलसिस्टमचे ड्रायव्हर भरलेले असतात, आणि ग्रब ते कर्नलसोबतच मेमरीत आणून देतो.

म्हणून आधी ते होडकं काठाला आहे का ते बघा. ग्रबमध्ये ‘ई’ दाबल्यावर ‘लिनक्स’च्या ओळीखाली ‘इनिटआरडी’ची ओळ दिसायला हवी. नसेल तर जुन्या कर्नलमध्ये जाऊन ‘सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -सी -के’ आणि पुढे नव्या कर्नलची पूर्ण आवृत्ती द्या, मग ‘सुडो अपडेट-ग्रब’. फेडोरावर हेच काम ड्रॅकट करतं, आर्चवर एमकेइनिटसीपीआयओ.

ओळ आहे, तरी तोच पॅनिक? मग बहुतेक वेळा क्रम उलटा झालेला असतो. ‘मेक मॉड्यूल्स_इन्स्टॉल’ आधी आणि ‘मेक इन्स्टॉल’ नंतर, असंच करायचं. इन्स्टॉलच्या पायरीलाच इनिटरॅमएफएस बनतं. तेव्हा मॉड्यूल जागेवर नसतील तर ते रिकामंच बनतं. ‘/बूट’चं वेगळं पार्टिशन भरलं असेल तर फाइल अर्धवट लिहिली जाते, तेही ‘डीएफ -एच’ने तपासा.

तिसरी शक्यता अशी की कर्नलला इनिटरॅमएफएस उघडताच येत नाही. कॉन्फिगमध्ये (कर्नलमध्ये काय घ्यायचं त्याच्या यादीत) ‘बीएलके_डेव्ह_इनिटआरडी’ बंद असेल तर तो त्याकडे बघतही नाही. फाइल झेडस्टँडर्डने दाबलेली असेल आणि ‘आरडी_झेडएसटीडी’ बंद असेल तर पॅनिकच्या बरंच आधी ‘इनिटरॅमएफएस अनपॅकिंग फेल्ड’ अशी ओळ येऊन जाते. पहिली चुकीची ओळ शोधा म्हणतो, ते अशासाठी.

याच पॅनिकच्या वर कर्नल त्याला दिसलेल्या पार्टिशनांची यादी छापतो. यादीत तुमची डिस्क नसेल तर ड्रायव्हरच नाही. डिस्क असेल तर ड्रायव्हर ठीक आहे आणि ‘रूट=’ची किंमत चुकली आहे.

कंसात (०,०) नाही, (२५९,२) किंवा (८,१) येतं.

मग तुम्ही बरेच पुढे आला आहात. पहिला आकडा उपकरणाच्या जातीचा असतो: ८ म्हणजे साटा किंवा यूएसबी डिस्क, १७९ म्हणजे एसडी कार्ड किंवा ईएमएमसी, आणि एनव्हीएमई डिस्कची पार्टिशनं बहुधा २५९ वर दिसतात. पार्टिशन सापडलं, पण त्यावरची फाइलसिस्टम वाचता येत नाही. ‘ईएक्सटी४_एफएस’ किंवा तुम्ही वापरता ती बीटीआरएफएस, एक्सएफएस चालू करायची राहिली आहे.

एक कमी दिसणारं कारणही नोंदवून ठेवतो. ई२एफएसप्रॉग्जच्या १.४७ आवृत्तीपासून नव्या ईएक्सटी४ पार्टिशनवर ‘ऑर्फन_फाइल’ ही सोय आपोआप चालू होते, आणि तिला ५.१५ किंवा त्यापुढचा कर्नल लागतो. नव्या डिस्ट्रोवर अभ्यासासाठी मुद्दाम जुना कर्नल कंपाइल केला असेल तर हे आठवा.

मला इनिटरॅमएफएस नकोच आहे. त्याशिवाय बूट होईल का?

होईल, आणि शिकण्यासाठी हा रस्ता सुंदर आहे. ‘साटा_एएचसीआय’ आणि ‘बीएलके_डेव्ह_एसडी’ (एनव्हीएमई डिस्क असेल तर ‘बीएलके_डेव्ह_एनव्हीएमई’), शिवाय ‘ईएक्सटी४_एफएस’ आणि ‘डेव्हटीएमपीएफएस_माउंट’, हे सगळं ‘एम’ (सुटं मॉड्यूल) न ठेवता ‘वाय’ (कर्नलच्या आतच) करा. ‘मेक मेन्यूकॉन्फिग’ने कॉन्फिग उघडून त्यात स्लॅश दाबून नाव टाकलं की ते कुठल्या मेनूत आहे ते कळतं.

अडखळतात ते इथे: ‘रूट=यूयूआयडी=’ (यूयूआयडी म्हणजे फाइलसिस्टमचा ओळख-क्रमांक) हे कर्नलला स्वतःला समजत नाही, ते काम इनिटरॅमएफएसचं असतं. कर्नलला ‘पार्टयूयूआयडी’, म्हणजे पार्टिशनचा ओळख-क्रमांक, कळतो. ‘बीएलकेआयडी’ कमांडने तो काढा आणि तोच लिहा. रूट पार्टिशन एलव्हीएमवर (डिस्कची जागा एकत्र करून वाटणारी व्यवस्था) किंवा कूटबद्ध असेल तर मात्र इनिटरॅमएफएस ठेवाच.

पॅनिक नाही, पण ‘यूयूआयडी डझ नॉट एक्झिस्ट’ म्हणून बिझीबॉक्सचा प्रॉम्प्ट येतो.

बिझीबॉक्स हे इनिटरॅमएफएसमधलंच छोटं टर्मिनल. म्हणजे इनिटरॅमएफएस चाललं, पण आतून डिस्क दिसली नाही. प्रॉम्प्टवर ‘कॅट /प्रॉक/पार्टिशन्स’ करा. डिस्क दिसत असेल, तर ती उशिरा जागी झाली; ‘एक्झिट’ टाइप करून बूट पुढे जातो का बघा आणि जात असेल तर कमांड लाइनला (ग्रबमधल्या ‘लिनक्स’च्या ओळीला) ‘रूटडिले=१०’ जोडा. बाहेरच्या यूएसबी डिस्कवरून चालवणाऱ्यांना हे हमखास लागतं.

यादी रिकामी असेल तर ड्रायव्हरकडे वळा. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या पुष्कळ लॅपटॉपांत एनव्हीएमई डिस्क व्हीएमडी नावाच्या नियंत्रकामागे असते. ‘बीएलके_डेव्ह_एनव्हीएमई’ चालू असूनही ‘व्हीएमडी’ बंद असेल तर डिस्क दिसणारच नाही. बायोसमध्ये व्हीएमडी बंद करूनही काम होतं, पण त्याच मशीनवर विंडोज असेल तर ते बूट होणं थांबू शकतं. त्यामुळे आमचा सल्ला कर्नलमध्येच ते चालू करण्याचा.

‘मेक लोकलमॉडकॉन्फिग’ वापरलं. कर्नल बूट झाला, पण मोबाइलवरून नेट येत नाही.

लोकलमॉडकॉन्फिग त्या क्षणी लोड असलेली मॉड्यूल बघतं आणि बाकीची वगळतं. कंपाइलचा वेळ त्याने खूप वाचतो, जुन्या मशीनवर तर तेच वापरा. पण फोन त्या वेळी जोडलेला नव्हता, म्हणून टेदरिंगचे ड्रायव्हर गळले. आपल्याकडे वाड्यावस्त्यांवर घरातलं नेट म्हणजे बहुतेकदा फोनच असतो, आणि तो गेला की दुरुस्तीसाठी काही उतरवूनही घेता येत नाही.

म्हणून कमांड चालवण्याआधी जे जे कधीतरी लागतं ते सगळं एकदा जोडा: अँड्रॉइड फोन टेदरिंग चालू करून, आयफोन असेल तर तोही, पेनड्राइव्ह, प्रिंटर, वायफाय डोंगल, प्रोजेक्टर. आता राहूनच गेलं असेल तर ‘आरएनडीआयएस_होस्ट’, ‘सीडीसी_ईथर’ आणि आयफोनसाठी ‘आयपीएचईटीएच’ ही मॉड्यूल हाताने चालू करा.

‘यू आर इन इमर्जन्सी मोड’ असं येऊन थांबतं.

रूट पार्टिशन मिळालं, सिस्टमडी (बाकीच्या सेवा सुरू करणारा प्रोग्राम) सुरू झालं, पण एफएसटॅबमधलं (बूटच्या वेळी जोडायच्या पार्टिशनांच्या यादीतलं) दुसरं काहीतरी माउंट झालं नाही. हाताने कॉन्फिग छाटणाऱ्यांच्या बाबतीत ते बहुधा ‘/बूट/ईएफआय’ निघतं. त्याला ‘व्हीफॅट_एफएस’ तर लागतोच, शिवाय ‘एनएलएस_कोडपेज_४३७’ आणि ‘एनएलएस_आयएसओ८८५९_१’ हे अक्षरसंच लागतात, आणि नेमके हेच ‘मला काय करायचेत’ म्हणून काढले जातात. ‘जर्नलसीटीएल -एक्सबी’ने खात्री करून घ्या. सीग्रुप्स, आयनोटिफाय, सिग्नलएफडी, टायमरएफडी या कर्नलमधल्या सोयींपैकी काही बंद असेल तर सिस्टमडी तिथवरही पोहोचत नाही.

स्क्रीन पूर्ण काळी. काहीच दिसत नाही.

मशीन जिवंत आहे का, ते आधी ठरवा. कॅप्स लॉक दाबल्यावर दिवा लागतो-विझतो का? दुसऱ्या लॅपटॉपवरून पिंग जातं का? जात असेल तर कर्नल चालू आहे, फक्त चित्र नाही. ‘नोमोडसेट’ जोडून बूट करा. दिसू लागलं, तर ग्राफिक्सच्या ड्रायव्हरचा प्रश्न.

एएमडीजीपीयू किंवा आय९१५ हे ड्रायव्हर ‘वाय’ केले तर ते रूट पार्टिशन माउंट होण्याआधीच फर्मवेअर मागतात, आणि फर्मवेअर तर त्या पार्टिशनवर असतं. वर सांगितलेलाच घोळ, फक्त वेगळ्या जागी. हे दोन ‘एम’च ठेवा. त्यासोबत ‘डीआरएम_सिंपलडीआरएम’ आणि ‘फ्रेमबफर_कन्सोल’ चालू ठेवा, म्हणजे मुख्य ड्रायव्हर येईपर्यंत अक्षरं तरी दिसतात. एनव्हिडियाचा बंद ड्रायव्हर वापरत असाल तर डीकेएमएसने (बाहेरची मॉड्यूल बांधणारं साधन) तो नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधावा लागतो, आणि अगदी ताज्या कर्नलवर तो बांधला जाईलच असं नाही.

अडकलेलं मशीन बटण दाबून बंद करण्याआधी ऑल्ट आणि सिसरिक्यू (बहुधा प्रिंट स्क्रीनचीच कळ) धरून एस, यू, बी ही अक्षरं थोड्या थोड्या अंतराने दाबा. डिस्कवरचं काम नीट मिटतं आणि मगच मशीन रीबूट होतं.

‘बॅड शिम सिग्नेचर’ येतं.

सिक्युअर बूट (सही असलेलाच कर्नल चालू देणारी सोय) चालू आहे आणि तुमच्या कर्नलवर सही नाही. शिकण्याच्या मशीनवर बायोसमधून सिक्युअर बूट बंद करा. कायमचं वापरायचं असेल तर स्वतःची किल्ली बनवा, ‘मोकयुटिल --इम्पोर्ट’ने नोंदवा, रीबूटच्या वेळी निळ्या पडद्यावर ती मान्य करा आणि ‘एसबीसाइन’ने कर्नलवर सही करा.

ग्रबच ‘आउट ऑफ मेमरी’ म्हणतो.

‘एलएस -एलएच /बूट’ करून इनिटरॅमएफएसचा आकार बघा. शेकडो एमबी असेल तर मॉड्यूलांत डीबगची माहिती राहिली आहे. ‘मेक इन्स्टॉल_मॉड_स्ट्रिप=१ मॉड्यूल्स_इन्स्टॉल’ करून इनिटरॅमएफएस पुन्हा बनवा. पुढच्या वेळी ‘डीबग_इन्फो_नन’ निवडा. कंपाइलला लागणारी जागाही बरीच घटते.

कंपाइल चालू असताना लाइट गेली. आता पुन्हा पहिल्यापासून?

बहुतेक वेळा नाही. मेक पूर्ण झालेल्या फायली ओळखतं आणि उरलेलंच करतं. धोका असतो तो लाइट गेली त्या क्षणी लिहिल्या जाणाऱ्या फायलींचा. त्या शून्य आकाराच्या किंवा अर्ध्या राहू शकतात आणि मेकला त्या झालेल्या वाटतात. पुढे लिंकिंगला विचित्र तक्रार आली तर ‘मेक क्लीन’ करा. त्यात ‘.कॉन्फिग’ टिकते. ‘मेक एमआरप्रॉपर’ करू नका, ते कॉन्फिगही पुसतं. सीकॅश (आधी कंपाइल झालेलं जपून ठेवणारं साधन) बसवलेलं असेल तर दुसरी फेरी पुष्कळ लवकर होते.

इन्स्टॉल चालू असताना लाइट गेली तर मात्र रीबूटच्या आधी इनिटरॅमएफएस पुन्हा बनवाच. ‘/बूट/ईएफआय’ फॅट फाइलसिस्टमवर असतं आणि तिला जर्नल (अर्धवट बदल सावरणारी नोंदवही) नसतं, म्हणून तिच्यावर एफएससीके (फाइलसिस्टम तपासणारी कमांड) चालवा.

जून ते सप्टेंबर या काळात आमचं सांगणं एकच आहे: कंपाइल कधीही करा, इन्स्टॉल इन्व्हर्टरवर करा. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडच्या कितीतरी गावांत दिवसचे दिवस वीज नव्हती. अशा वेळी अर्धवट बूटवाल्या मशीनपेक्षा जुन्या कर्नलवर नीट चालणारं मशीन लाख पटीने बरं.

जीसीसी (कंपायलर) दर वेळी वेगळ्याच फायलीवर ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ने पडतं.

एकाच फायलीवर पडत असेल तर चूक सोर्समध्ये किंवा कंपायलरमध्ये शोधा. दर वेळी जागा बदलत असेल तर संशय हार्डवेअरवर घ्या. कर्नल कंपाइल करताना सगळे कोर आणि रॅम तासन्‌तास पूर्ण जोराने चालतात, आणि मे महिन्यातल्या दमट उकाड्यात धुळीने भरलेल्या पंख्याचा प्रोसेसर तापतोच. मेकच्या ‘-जे’चा आकडा (एका वेळी किती कामं चालवायची तो) कमी करून बघा. ‘डीमेसेग’मध्ये (कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड) ‘आउट ऑफ मेमरी’ दिसत असेल तर रॅम अपुरी पडते आहे. तेव्हाही हाच उपाय.

किनाऱ्यालगत मालवण, देवगड, गुहागरच्या मशीनमध्ये खाऱ्या हवेने रॅमचे संपर्क खराब होतात. मशीनची वायर काढून रॅम बाहेर घ्या, पट्टी कोरड्या मऊ कापडाने पुसा, परत नीट बसवा आणि रात्रभर मेमटेस्ट चालवा. पुरात भिजून सुकवलेल्या मशीनवर कर्नल कंपाइल करूच नका. रॅम सदोष असेल तर कंपाइल पूर्ण होऊनही आतला एखादा बिट चुकीचा असू शकतो, आणि मग बूटच्या चुका कितीही शोधल्या तरी सापडत नाहीत.

मशीन गावच्या शाळेत आहे, मी दुसरीकडे. नवा कर्नल दुरून कसा टाकू?

पावसात घाट बंद असताना मशीन अडकलं तर कुणी तिथे जाऊही शकत नाही, म्हणून ही पद्धत पाठ करून ठेवा. ‘/इटीसी/डीफॉल्ट/ग्रब’मध्ये ‘ग्रब_डीफॉल्ट=सेव्ह्ड’ लिहा आणि त्याच फायलीतल्या कमांड लाइनला ‘पॅनिक=१०’ जोडा. ‘अपडेट-ग्रब’ चालवा. ‘ग्रब-सेट-डीफॉल्ट’ने जुना कर्नल कायमचा ठरवा आणि ‘ग्रब-रीबूट’ने नवा फक्त पुढच्या एका बूटसाठी निवडा. मग रीबूट. नवा कर्नल पॅनिक झाला तर दहा सेकंदांनी मशीन आपण होऊन जुन्यावर परतेल. डेबियन-उबुंटूचं इनिटरॅमएफएसही हा ‘पॅनिक=’ मानतं आणि बिझीबॉक्सवर अडून न राहता रीबूट करतं.

दोन अटी आहेत. ‘/बूट’ एलव्हीएमवर, सॉफ्टवेअर रेडवर किंवा बीटीआरएफएसवर असेल तर ग्रबला ती एकवेळची खूण पुसता येत नाही आणि मशीन पुन्हा पुन्हा नव्याच कर्नलवर जातं. दुसरं म्हणजे, पॅनिक न होता नुसतं गोठलं तर दहा सेकंद मोजणारं कुणी नसतं; त्यासाठी हार्डवेअर वॉचडॉग (गोठलेलं मशीन आपोआप रीबूट करणारं घड्याळ) लागतो. तो नसेल, तर शाळेतल्या एखाद्या शिक्षकांना वेळ विचारून, ते मशीनजवळ असतानाच हे करा.

बूट करण्याआधीच तपासता येतं का?

येतं. ‘क्यूईएमयू-सिस्टम-एक्स८६_६४’ला (आभासी मशीन चालवणारा प्रोग्राम) ‘-कर्नल’ने बीझेडइमेज (कंपाइल झालेला कर्नल) आणि ‘-इनिटआरडी’ने इनिटरॅमएफएस द्या, ‘-अपेंड’मध्ये ‘कन्सोल=टीटीवायएस०’ आणि शेवटी ‘-नोग्राफिक’. टर्मिनलमध्येच कर्नल उठताना दिसतो आणि मजकूर कॉपीही करता येतो. तुमच्या खऱ्या डिस्कचा ड्रायव्हर यात तपासला जात नाही, पण कर्नल उभा राहतो का, इनिटरॅमएफएस उघडतं का, हे कळतं.

मागची आवृत्ती बूट व्हायची, नवी होत नाही, कॉन्फिग तीच आहे.

आधी ‘मेक ओल्डडेफकॉन्फिग’ (जुन्या कॉन्फिगमध्ये नव्या पर्यायांच्या ठरलेल्या किमती भरणारी कमांड) केलं होतं का ते बघा. तरीही तसंच असेल तर गिट बायसेक्ट वापरा. दोन मुख्य आवृत्त्यांमध्ये दहा-पंधरा हजार बदल असतात, पण दर वेळी निम्मे बाद होत असल्याने चौदाएक फेऱ्यांत नेमका बदल सापडतो. लोकलमॉडकॉन्फिगची छोटी कॉन्फिग असेल तरच जुन्या मशीनवर हे झेपतं. सापडलेला बदल कर्नलच्या विकासकांना कळवा. कणकवलीतल्या एखाद्या जुन्या लॅपटॉपवर सापडलेली चूक तसल्या सगळ्याच लॅपटॉपांसाठी दुरुस्त होते, आणि हे काम इथे बसून कुणीही करू शकतं.

रास्पबेरी पायवर हिरवा दिवा सात वेळा लुकलुकतो आणि पुढे काही नाही.

कर्नलची फाइल सापडली नाही. ६४-बिटसाठी पाय ३ आणि ४ ‘कर्नल८.आयएमजी’ शोधतात, पाय ५ आधी ‘कर्नल_२७१२.आयएमजी’. मूळ फाइलवर आपली फाइल कधीच चढवू नका. वेगळं नाव द्या आणि ‘कॉन्फिग.टीएक्सटी’मध्ये ‘कर्नल=’ लिहून ते सांगा. बिघडलं तर कार्ड दुसऱ्या मशीनमध्ये घालून ती एक ओळ काढली की झालं.

फसलेले कर्नल साठून ‘/बूट’ भरलं आहे. काय पुसू?

आधी ‘यूनेम -आर’. त्यात दिसेल ती आवृत्ती आणि डिस्ट्रोचा निदान एक कर्नल, या दोन्हींना हात लावायचा नाही. ‘मेक बिनडेब-पीकेजी’ने पॅकेज बनवून टाकलं असेल तर ‘एपीटी रिमूव्ह’ पुरे. ‘मेक इन्स्टॉल’ने टाकलं असेल तर ‘/बूट’मधल्या त्या आवृत्तीच्या व्हीएमलिनझ, इनिटआरडी, सिस्टम.मॅप आणि कॉन्फिग या चार फायली आणि ‘/लिब/मॉड्यूल्स’मधला तिचा फोल्डर पुसा, मग ‘अपडेट-ग्रब’ चालवा. पुसण्याआधी ती कॉन्फिग फाइल होम फोल्डरमध्ये ठेवून द्या; पुढच्या कर्नलच्या वेळी कुठे काय बंद होतं, हे तिच्यावरूनच ताडून बघता येतं.